पिंजऱ्यापासून फाइलीपर्यंत: कॅनडातल्या सरकारी टॉक्सिकॉलॉजीबद्दल

तुमचा प्रश्न तीन ओळींचा होता. पीएचडी आहे, जीएलपी लॅबमध्ये (म्हणजे सुरक्षा चाचण्यांचे ठरलेले दर्जाचे नियम पाळणाऱ्या लॅबमध्ये) सात वर्षं स्टडी डायरेक्टर आहात, आणि कॅनडा सरकारात कीटकनाशकांची टॉक्सिकॉलॉजिस्ट, म्हणजे त्यांचे विषारी परिणाम तपासणारी तज्ज्ञ, म्हणून काम मिळेल का, ते काम नक्की असतं काय, हे विचारलंत. उत्तर लांबलंय, सवडीनं वाचा. आणि 'मॅडम' नको, ताई म्हटलंत तरी चालेल.

आधी कामाबद्दल, कारण माझ्या मते तिथेच गैरसमज जास्त आहे. इथे कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक, काहीही विकायचं तर पीएमआरएची मंजुरी लागते. ही हेल्थ कॅनडाची शाखा, 1995 साली सुरू झालेली, मुख्यालय ओटावात. चाचण्या कंपनीनं स्वतःच्या खर्चानं करून घ्यायच्या आणि आम्ही, म्हणजे इथल्या टॉक्सिकॉलॉजिस्टनी, त्या तपासायच्या. त्यामुळे लॅब विसरा. इतक्या वर्षांत मी एकदाही पिंजऱ्याजवळ गेलेले नाही. दिवसभर अहवाल, तक्ते आणि लिहिणं. प्राण्यांबरोबर काम करण्याची ज्यांना खरी आवड आहे, ते इथे वर्षभरात कंटाळतात.

लिहिणं म्हणजे काय, ते उदाहरणानं सांगते. समजा रॅटवरचा 90 दिवसांचा अभ्यास आहे, मात्रा दर किलो वजनाला रोज 5, 30 आणि 180 मिलिग्रॅम. सगळ्यात वरच्या गटात यकृताची हानी स्पष्ट आहे. मधल्या गटात यकृताचं वजन थोडं वाढलंय, पेशी फुगल्यात, पण रक्तातली एन्झाइम्स जागेवर आहेत आणि पेशी मेल्याची खूण नाही. आता हा अपाय म्हणायचा, की आलेलं रसायन पचवण्यासाठी यकृतानं कंबर कसली एवढंच? जुळवून घेणं मानलंत तर अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा 30 ठरते. अपाय मानलात तर 5. त्याला नेहमीच्या 100 नं भागा (प्राण्यापासून माणसापर्यंत 10, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी 10) आणि माणसाला रोज चालणारी मात्रा 0.3 येते किंवा 0.05. सहापट फरक, तोही सूक्ष्मदर्शकाखालच्या एका स्लाइडच्या अर्थावरून! शिवाय अर्भकं आणि मुलं यांच्यासाठी आणखी दहापट संरक्षण ठेवायला इथला कायदा सांगतो. माहिती पुरेशी आणि खात्रीची असेल तर ते कमी करता येतं, पण का कमी केलं हे लिहून द्यावं लागतं. त्या 'का' साठी आम्हाला पगार मिळतो.

लॅबमध्ये तुम्ही निरीक्षण नोंदवता आणि सही करता. इथे निकाल द्यायचा असतो, आणि तो वाचणारे दोन्ही बाजूंना बसलेले असतात. मोठ्या निर्णयानंतर 60 दिवसांत कुणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो. उत्पादनाला मंजुरी मिळून नोंदणी झाल्यावर मूळ चाचण्यांची कागदपत्रं ओटावातल्या रीडिंग रूममध्ये बसून बघायची तरतूदही कायद्यात आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या फेरतपासणीचा निर्णय 2017 मध्ये आला, त्यावरच्या हरकती 2019 मध्ये फेटाळल्या गेल्या, तरी वाद संपला नाही. कंपनीच्या लोकांना तुम्ही आडमुठे वाटता, पर्यावरणवाल्यांना विकले गेलेले. कातडी थोडी जाड असावी लागते.

तुमच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट आहे. भारत 2011 पासून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या चाचणी-स्वीकृती व्यवस्थेत आहे, म्हणजे तिथल्या जीएलपी लॅबचा अभ्यास इथे चालतो. माझ्या टेबलावर भारतीय लॅबचे अहवाल येतात. अभ्यास कुठे घसरतो, मात्रा कशा चुकतात, रसायन न दिलेल्या कंट्रोल गटातलाच आकडा कधी विचित्र येतो, हे तुम्ही आतून पाहिलंय. इथल्या विद्यापीठातून थेट आलेल्यांना ते ठाऊक नसतं. फक्त तुमच्या जुन्या लॅबची फाइल समोर आली तर आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. रसायन कंपन्यांचे शेअर असतील तर तेही जाहीर करावे लागतात.

आता नोकरीचं. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात नसताना अर्ज करण्यात वेळ घालवू नका. बाहेरून होणाऱ्या भरतीत माजी सैनिकांनंतर नागरिक आणि पीआरधारक यांना प्राधान्य असतं. पीआरवाल्यांना नागरिकांच्या बरोबरीनं धरणं 2021 च्या दुरुस्तीनंतर आलं. मी त्याआधी आले, म्हणून इथला पासपोर्ट होईपर्यंत कीटकनाशकांच्या नोंदणीची फाइल तयार करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत होते. तुम्हीही तो मार्ग उघडा ठेवा, कारण सरकारी जागा सध्या वाढत नाहीत, कमी होतायत. पदवीचं मूल्यांकन एक्स्प्रेस एंट्रीसाठी (पीआर मिळवायच्या अर्जाची पद्धत) करावंच लागतं, तेच पुढे नोकरीच्या अर्जालाही जोडता येतं. फ्रेंच आजपासून सुरू करा. सुरुवातीच्या बऱ्याच जागांना इंग्रजी पुरतं, पण गटप्रमुख व्हायचं तर फ्रेंचशिवाय दार उघडत नाही. मी आळस केला, त्याची किंमत अजून मोजतेय. पगाराचे तक्ते सार्वजनिक आहेत, ते स्वतः बघून घ्या.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांसाठीच असतात. ब्रिटनमध्ये मात्र गंमत आहे: राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय नागरिक तिथल्या, फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखून न ठेवलेल्या, सरकारी पदांना पात्र ठरतात, कामाचा परवाना तेवढा हवा. कीटकनाशकांचं काम तिथे एचएसई या आरोग्य आणि सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे.

शेवटचं, अर्जाबद्दल. 'टॉक्सिकॉलॉजीच्या अहवालांचं विश्लेषण केल्याचा अनुभव' असं मागितलं असेल तर कुठे, कधी, किती अभ्यास आणि तुम्ही स्वतः काय ठरवलं, सगळं लिहा. सीव्हीवरून ते समजून घेतील असं धरू नका, छाननी करणाऱ्याला अंदाज बांधायची मुभा नसते. माझा पहिला अर्ज याच कारणानं बाद झाला. मी सगळीकडे 'आम्ही केलं' लिहिलं होतं, आपल्याकडची सवय. तुमच्या एखाद्या अभ्यासात मधल्या मात्रेवर तुम्ही जो निर्णय घेतला, त्यावर दहा ओळी लिहा, त्यातला प्रत्येक 'आम्ही' खोडा आणि मला पाठवा. मी लाल पेन घेऊन बसते.