इंजिन दुरुस्तीनंतर टू-स्ट्रोक स्कूटरच्या ऑइल पंपातली हवा काढावी लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पिस्टन आणि सिलिंडर बदलताना ऑइल पंप व त्याच्या नळ्या काढल्या होत्या; आता ऑइलच्या टाकीत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारे वंगणाचे तेल) भरून किक मारली की पंप आपोआप ऑइल ओढून घेईल, असे मेकॅनिक म्हणतो, ते खरे मानावे का. माझे उत्तर असे आहे की, तो कदाचित ओढेलही, पण तोपर्यंत तुमचा नवा पिस्टन काही किलोमीटर कोरडाच धावलेला असेल. हवा काढूनच इंजिन चालू करावे आणि पहिल्या टाकीपुरते पेट्रोलमध्येही ऑइल मिसळावे.

हे काम किती आवश्यक आहे, हे एका साध्या हिशोबाने लक्षात येते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या बंद कप्प्यात, ऑइलचा साठा नसतो; पेट्रोल-हवेच्या मिश्रणाबरोबर जे थोडेसे ऑइल आत जाते, त्याच्यावरच क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, पिस्टन आणि रिंगा यांचे वंगण अवलंबून असते, आणि मग ते जळून धुरातून निघून जाते. पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी बारीक नळी आतून 2 मिलिमीटर व्यासाची आणि 30 सेंटिमीटर लांबीची धरली, तर तिच्यात सुमारे 1 मिलिलिटर ऑइल मावते. एक लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर ऑइल या प्रमाणाने तेवढे ऑइल 50 मिलिलिटर पेट्रोलला पुरते, आणि लिटरला 40 किलोमीटर धावणारी स्कूटर तेवढ्या पेट्रोलवर 2 किलोमीटर जाते. म्हणजे केवळ ती बारीक नळी रिकामी असेल, तरी 2 किलोमीटर इंजिनाला ऑइलचा थेंबही मिळत नाही. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी जाड असते; ती 5 मिलिमीटर व्यासाची आणि 20 सेंटिमीटर लांबीची धरली तर तिच्यात जवळपास 4 मिलिलिटर मावते, आणि ती पूर्ण हवेने भरलेली राहिली तर याच हिशोबाने आणखी 8 किलोमीटर होतात. शिवाय ॲक्सिलरेटर कमी असताना पंप याहूनही कमी ऑइल देतो.

दुसरी अडचण पंपाच्या स्वभावात आहे. हा पंप दट्ट्याचा असतो आणि प्रत्येक ठोक्याला अगदी किंचित ऑइल ढकलतो. त्याने हवा धरली, तर दट्ट्या ती हवा नुसती दाबतो आणि सोडतो. पुढच्या टोकाला असलेली, स्प्रिंगच्या जोरावर बंद राहणारी एकमार्गी झडप उघडण्याइतका दाब त्या हवेतून तयार होईलच असे नाही. त्यामुळे पंप फिरत असूनही ऑइल पुढे सरकत नाही. मी एकदा असाच आळस केला होता. टाकी भरलेली होती, ऑइलचा दिवा पेटत नव्हता, म्हणून निर्धास्तपणे निघालो आणि चढावर मागचे चाक अडकून गाडी जागच्या जागी थांबली. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे पडले होते. त्या दिव्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण तो टाकीतली पातळी सांगतो, नळीतला प्रवाह नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. टाकीत ऑइल भरल्यावर पंपाकडे येणारी नळी पंपाच्या तोंडावरून काढून भांड्यात सोडा आणि एकही बुडबुडा न येता अखंड धार लागेपर्यंत ऑइल वाहू द्या. धार लागतच नसेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि टाकीतली जाळी पाहा. छिद्र बुजले असेल तर आज हवा काढूनही उपयोग नाही, काही अंतरानंतर टाकीत निर्वात निर्माण होऊन ऑइल पुन्हा थांबेल. नळी कडक झालेली किंवा तडकलेली असेल तर या वेळीच बदला, कारण पंपाच्या अलीकडच्या बाजूला बारीकशी फट असली तरी तिथून ऑइल न गळता उलट हवा आत ओढली जाऊ शकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नळी परत बसवून क्लिप लावल्यावर पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करा. आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी स्वच्छ ऑइल बाहेर येईल. तेव्हा स्क्रू घट्ट करा, मात्र त्याचा वायसर जागेवर असल्याची खात्री करून घ्या.

पुढची बारीक नळी भरणे हा या कामाचा खरा किचकट भाग आहे, आणि बरेच जण तिथेच थांबतात. मी ती नळी एका टोकाने सोडवून, सुई काढलेल्या सिरिंजने तिच्यात ऑइल भरतो आणि मगच जोडतो. त्यानंतर पेट्रोलच्या टाकीत लिटरमागे 20 मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळलेले पेट्रोल भरतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत आधीचे साधे पेट्रोल उरले असेल तर ते काढून टाकतो, नाहीतर पहिली काही मिनिटे इंजिन त्याच्यावरच चालते. मग इंजिन मोकळ्या हवेत चालू करून, रेस न करता, पंपाची लिव्हर (ॲक्सिलरेटरच्या केबलने फिरणारी, ऑइल कमी-जास्त करणारी पट्टी) हाताने पूर्ण उघडी धरतो. असे केल्याने पंप त्याला शक्य तितके ऑइल देतो आणि उरलेले बुडबुडे नळीतून पुढे जाताना दिसतात, अर्थात नळी पारदर्शक असेल तर. त्या वेळी धूर भरपूर होतो, इंजिन अडखळतेही. त्याने घाबरून जाऊ नये. बुडबुडे बंद झाले की लिव्हर सोडावी. नंतर ॲक्सिलरेटर बंद असताना, किंवा तुमच्या मॉडेलच्या सूचनेत पूर्ण उघडा सांगितला असेल तर तसा ठेवून, लिव्हरवरची आणि पंपाच्या अंगावरची अशा दोन्ही खुणा जुळतात की नाही ते पाहून केबल लावावी. खुणा मागे राहिल्या तर हवा काढूनही ऑइल कमीच पडते.

मिसळलेले पेट्रोल आणि पंप एकाच वेळी चालू असल्याने पहिली टाकी संपेपर्यंत ऑइल दुप्पट जाते. प्लग तेलकट होऊ शकतो, म्हणून एक सुटा प्लग जवळ ठेवा. काही जण खबरदारी म्हणून प्रमाण आणखी वाढवतात. मी तसे करत नाही, कारण ऑइल जितके वाढते तितका पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण उलट किंचित पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने त्यात पेट्रोल कमी पडते.

साध्या पेट्रोलवर कधी यायचे, हे धुरावरून ठरवू नका. ऑइलच्या टाकीवर बाहेरून पातळीची खूण करा, आणि टाकी अपारदर्शक असेल तर आत स्वच्छ काडी बुडवून त्या काडीवर खूण करा. 5 लिटर मिसळलेले पेट्रोल संपेपर्यंत पंपाने पूर्ण प्रमाणात ऑइल दिले असते तर 100 मिलिलिटर गेले असते; हलक्या हाताने चालवल्यास त्याहून कमी जाईल, पण पातळी नक्की उतरलेली दिसायला हवी. ती तसूभरही हलली नसेल, तर साधे पेट्रोल भरण्याआधी पंप पुन्हा उघडा, आणि या खेपेस पंपाला फिरवणारे गिअर झिजलेले नाही ना, हेही तपासा.