टीम जिंकते, तरी आयोवात ऑफेन्सच्या नावाने शंख का?

प्रश्न: मी यंदा आयोवा युनिव्हर्सिटीत मास्टर्सला आलो. इथली फुटबॉल टीम बहुतेक सामने जिंकते, तरी मॅच बघताना सगळे कोच आणि ऑफेन्सवर भडकलेले असतात. जिंकणाऱ्या टीमवर एवढा राग कशासाठी?

उत्तर:

जिंकते म्हणूनच. हरत असती तर प्रकरण केव्हाच मिटलं असतं. चार वर्षं सलग मार खाल्ला की कोच जातो, नवा येतो, लोक पुन्हा आशेवर जगायला लागतात. आयोवाची टीम दर वर्षी आठ-दहा सामने काढते आणि त्या विजयांच्या पांघरुणाखाली ऑफेन्सची, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणाऱ्या तुकडीची, सगळी पापं झाकली जातात. चिडायचं तर कोणावर, हेच कळत नाही, आणि म्हणून माणूस जास्त चिडतो.

मीही इथलाच विद्यार्थी. पुढे सीडर रॅपिड्सला नोकरी लागली, स्टेडियम अर्ध्या तासावर राहिलं आणि हे व्यसन काही सुटलं नाही. तेव्हा उत्तरात पक्षपात असणार, हे धरून चाला.

खेळ तुम्हाला नवा असेल तर एवढं लक्षात ठेवा. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार डाऊन मिळतात. तीन डाऊनमध्ये नाही जमलं, तर चौथ्याला चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याच्या हवाली करायचा. हा झाला पंट. म्हणजे पंट ही कबुली आहे की बाबांनो, आमच्याने झालं नाही. इतर कॉलेजांत पंट मारणाऱ्या खेळाडूचं नावही लोकांना ठाऊक नसतं.

आयोवात त्याच्या घोषणेचे टी-शर्ट विकले गेले: ‘पंटिंग इज विनिंग’. टोरी टेलर नावाचा हा मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन, व्हिसाही तुमच्या-माझ्यासारखाच एफ-1. त्यामुळे अमेरिकन खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमवत होते तेव्हा याला त्या टी-शर्टमधून खिशात काही घालता येत नव्हतं. 2023 च्या हंगामात त्याने 4,479 यार्ड पंट मारले. एका हंगामातला हा राष्ट्रीय विक्रम होता आणि आधीचा विक्रम 1938 पासून कोणी मोडला नव्हता. पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या शिकागो बेअर्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीच्या, चौथ्या फेरीत उचललं. पोरगा गुणी, यात वाद नाही. पण पंटरच्या नावावर असा विक्रम लागायचा तर ऑफेन्सने त्याला किती वेळा मैदानात बोलावलं असेल, याचा हिशेब करा.

आता 2022 चा पहिला सामना सांगतो, कारण कुठल्याही आयोवावाल्याशी बोललात तरी गाडी तिथे येतेच. समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे खालच्या विभागातली टीम. आयोवा 7-3 ने जिंकली. सात म्हटल्यावर एक टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलपट्टीत नेल्याचे सहा, आणि वरचा एक गुण, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेला चेंडू, त्याचे तीन. उरलेले चार दोन सेफ्टींचे, म्हणजे समोरच्या टीमला तिच्याच गोलपट्टीत पाडून डिफेन्सने, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या तुकडीने, मिळवलेले. ऑफेन्सने घरच्या मैदानावर, खालच्या विभागातल्या टीमसमोर, एकही टचडाउन केलं नाही आणि आपण जिंकलो. आनंद करावा की कपाळावर हात मारावा?

त्या वर्षी एकूण यार्डांच्या यादीत देशातल्या 131 टीममध्ये आयोवा 130 वी होती. पुढच्या वर्षी तर शेवटची. आणि डिफेन्स? त्याच दोन्ही वर्षांत सामन्याला सरासरी पंधराच्या आत गुण देणारं, देशातल्या अव्वल डिफेन्समधलं एक. समोरच्यांना दीडशेत गुंडाळणारे गोलंदाज आणि तेवढ्या धावांच्या पाठलागात शेवटच्या षटकापर्यंत धापा टाकणारे फलंदाज, असा संघ वर्षानुवर्षं बघायची कल्पना करा. फलंदाजांवर राग येतो, पण त्याहून जास्त त्या गोलंदाजांसाठी जीव तुटतो. कॉलेजच्या खेळाडूला चार-पाच वर्षंच मिळतात. असं डिफेन्स हाताशी असताना ती वर्षं वाया गेली, हे लोकांच्या मनातून जात नाही.

इथवर ही नुसती खेळाची तक्रार होती. तिला धार आली ती घरच्या मामल्यामुळे. मुख्य कोच कर्क फेरेन्झ 1999 पासून आहेत. त्यांच्या आधी हेडन फ्राय होते, 1979 ते 1998. म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकात या टीमला दोनच मुख्य कोच. 2017 मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सची आखणी करणारा कोच, झाला ब्रायन फेरेन्झ, कर्क यांचा मुलगा. नात्यातल्या नेमणुकांचे नियम पाळायचे म्हणून कागदोपत्री तो वडिलांच्या हाताखाली नव्हता, थेट अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या क्रीडाप्रमुखाच्या, हाताखाली होता. कागदावर. आपल्याकडे सहकारी कारखाने आणि शिक्षणसंस्था पाहिलेल्या माणसाला यापुढचं काही समजावून सांगायला नको. ऑफेन्स रसातळाला जात होतं आणि दर सोमवारी-मंगळवारी पत्रकार परिषदेत वडील मुलाची बाजू सांभाळत होते. आपला तो बाब्या, हे अख्ख्या राज्याने दर आठवड्याला लाइव्ह बघितलं.

मग फेब्रुवारी 2023 मध्ये एक करार झाला. ब्रायनचा पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आला आणि अट पडली की टीमने किमान सात सामने जिंकायचे आणि सामन्याला सरासरी 25 गुण करायचे. त्यात डिफेन्सने केलेले गुणही धरायचे! कारकुनाच्या पगारवाढीला डिलिव्हरी बॉयच्या खेपा मोजायच्या, तसला प्रकार. देशभर हसं झालं. लोकांनी तेरा सामन्यांचा हिशेब करून 325 चा आकडा काढला आणि प्रत्येक सामन्यानंतर उरलेले गुण मोजायला सुरुवात केली. आम्ही 41-10 ने जिंकलो की 20-14 ने, यापेक्षा सरासरी कुठे पोहोचली याचीच चर्चा. मला तो प्रकार तेव्हाही हिणकस वाटला होता. एका माणसाची नोकरी स्कोअरबोर्डवर टांगायची आणि सत्तर हजार लोकांनी तमाशा बघायचा. काढायचं होतं तर सरळ काढायचं.

शेवटी काढलंच, तेही 30 ऑक्टोबर 2023 ला, ऐन हंगामात. हा हंगाम त्याचा शेवटचा, असं युनिव्हर्सिटीने जाहीर केलं तेव्हा टीमने आठपैकी सहा सामने जिंकले होते. त्याच्या आधीचा सामना मिनेसोटाशी होता. या दोन टीममधली ट्रॉफी म्हणजे कांस्याचं एक डुक्कर आहे, 1935 पासून चालत आलेलं. हसू नका, त्या डुकरापायी इथे माणसं दोन दिवस जेवत नाहीत. मिनेसोटाने चार फील्ड गोल मारून 12 गुण केले, आपले 10. शेवटच्या दोन मिनिटांत आपल्या कूपर डिजीनने पंट उचलून थेट टचडाउनपर्यंत पळवला, स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. मग पंचांनी व्हिडिओ बघून ठरवलं की धावण्याआधी त्याने हाताने केलेली खूण नियमबाह्य होती, म्हणून टचडाउन रद्द. पंचांना शिव्या देण्यात पुढचा आठवडा गेला. मी म्हणतो, द्या शिव्या, पण दुसऱ्या अर्ध्यात आपल्या ऑफेन्सने जेमतेम डझनभर यार्ड काढले होते. अख्ख्या अर्ध्यात! एका खूणेवर सामना अडकावा इतकी वेळ आणली कोणी?

त्याच वर्षी टीमने दहा सामने जिंकले आणि तीन सामन्यांत शून्य काढलं. पेन स्टेटशी 31-0, बिग टेन, म्हणजे आयोवा ज्या कॉलेजगटात खेळते त्याच्या, फायनलला मिशिगनशी 26-0, हंगामाअखेरच्या सिट्रस बोल सामन्यात टेनेसीशी 35-0. दहा विजय आणि तीन भोपळे एकाच हंगामात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आहे.

आता कर्क यांच्या बाजूचं बोलतो, कारण त्यांची पद्धत वेड्यासारखी नाही. आयोवाची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहूनही कमी. सगळ्यात वेगवान, सगळ्यात नावाजलेली पोरं ओहायो स्टेट किंवा मिशिगनला जातात. मग कमी हातात असताना करायचं काय? चूक करायची नाही. चेंडू लांब पंट करून समोरच्याला त्याच्याच दहा यार्डांच्या आत कोंडायचं. तिथून त्याला नव्वद यार्ड चालायचे आहेत, डिफेन्स त्याला दमवणार, कधीतरी तो चेंडू सोडणार. आपल्याला तीन गुण पुरतात. या हिशेबावर कर्क यांनी 2015 मध्ये बाराही साखळी सामने जिंकले होते, आणि 2025 मध्ये ते बिग टेनच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे कोच झाले, ओहायो स्टेटचे जुने कोच वुडी हेज यांचा आकडा ओलांडून. हे तुक्क्याने होत नाही.

पण बलाढ्य टीम समोर आली की हिशेब कोलमडतो. 2021 ची बिग टेन फायनल: 42-3. 2022 ला ओहायो स्टेट: 54-10, आणि त्या दहामधलं टचडाउनही डिफेन्सचंच. सगळं कुरण डिफेन्सने राखायचं आणि ऑफेन्सने फक्त कुंपण मोडायचं नाही, एवढीच अपेक्षा ठेवली की वरच्या टीमसमोर उभंच राहता येत नाही. बरं, माल नव्हता असंही नाही. 2019 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत दोन टाइट एंड, म्हणजे अडवणारे आणि पासही झेलणारे खेळाडू, गेले, टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट, दोघेही आयोवाचे, एकाच टीममधले. जॉर्ज किटल आणि सॅम लापोर्टाही इथलेच. ही पोरं एनएफएलमध्ये जाऊन चेंडू झेलायला लागली की इथले लोक टीव्हीसमोर बसून विचारतात, हे आपल्याकडे का नाही दिसलं?

2024 ला टिम लेस्टर कोऑर्डिनेटर म्हणून आले आणि रोगाने रूप बदललं. आधी ऑफेन्स कायम वाईट होतं, आता कधी कसं खेळेल याचा नेम राहिला नाही. केलेब जॉन्सनने 1,537 यार्ड धावून काढले. विस्कॉन्सिनला 42-10 ने धुतलं, आणि लगेच पुढच्या सामन्यात यूसीएलएकडून 20-17 ने हरलो. हंगामाची सरासरी 27.7, म्हणजे ब्रायनला घातलेली अट आरामात पूर्ण. तरी पाच पराभव. 2025 ला मार्क ग्रोनोव्स्की क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून ऑफेन्स चालवणारा खेळाडू, म्हणून आला. हा कोण, तर 2022 च्या त्या 7-3 च्या सामन्यात समोर खेळत होता तोच. त्याच्या हाताखाली मिनेसोटाला 41-3 ने उडवलं, विस्कॉन्सिनला 37-0, आणि आयोवा स्टेटशी मात्र 16-13 ने हरलो. ऑरेगनशी 18-16 ने हरलो तो सामना मी वेगळा ठेवतो. तिथे ऑफेन्सने शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी मिळवून दिली होती, ती टिकली नाही. लोकांनी त्या रात्रीही लेस्टरना शिव्या दिल्या. नावडतीचं मीठ अळणी.

स्टेडियममध्ये माझ्या रांगेत एक म्हातारे शेतकरी बसतात. कानाला रेडिओ, अंगावर जुनं पिवळं जाकीट. टीम उभी राहिली की चेंडू हलायच्या आधी ते मोठ्याने सांगतात. पहिला डाऊन: ‘डावीकडून रन.’ डावीकडून रन, दोन यार्ड. दुसरा: ‘तोच, उजवीकडून.’ उजवीकडून, एक यार्ड. तिसऱ्या डाऊनला सात हवे असतात. ‘पाच यार्डांचा पास.’ पास पाच यार्डांचाच, झेलला जातो, झेलणारा तिथेच आडवा. मग ते उठून उभे राहतात आणि पंटरसाठी टाळ्या वाजवतात. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यांना कळतं ते समोरच्या डिफेन्सला कळत नसेल का, हा रागाचा गाभा. अलीकडे मात्र त्यांचे अंदाज चुकायला लागलेत, आणि चुकले की स्वारी खूष असते.

कर्कना काढतील का, असं तुम्ही पुढे विचारालच. नाही. करार 2029 पर्यंतचा, वर्षाला सत्तर लाख डॉलरच्या घरातला, आणि वरती एवढे विजय. ते आपण होऊन जातील तेव्हा जातील. माझं विचाराल तर त्यांनी राहावं, डिफेन्सच्या फिल पार्करना हवं ते द्यावं, आणि ऑफेन्सच्या माणसाला खरोखर मोकळा सोडावा. चौथ्या डाऊनला एक यार्ड हवं असताना मैदानाच्या मध्यावरून पंट न मारता पुढे जायचं धाडस ते किती वेळा करतात, तेवढंच बघत राहा. सामना पाहायला जाल तेव्हा पहिलं क्वार्टर संपताना शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून सगळ्यांबरोबर हात हलवा, ती प्रथा चुकवू नका. आणि नोव्हेंबरचा सामना असेल तर थर्मलचे दोन थर घाला, कारण तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऊब येण्यासारखं काही घडेल याची हमी मी देऊ शकत नाही.