केनियाचा धावपटू किपचोगे याला २०१२ च्या ऑलिम्पिक टीममध्ये घेतलं नाही म्हणून तो मॅरेथॉनकडे वळला, हे खरं आहे का?

अर्धं खरं. "घेतलं नाही" म्हटलं की निवड समितीनं काहीतरी राजकारण केलं असं वाटतं, तसं काही नव्हतं. केनियात ट्रायल्स, म्हणजे निवडीच्या शर्यती होतात, एका देशाला एका इव्हेंटमध्ये जास्तीत जास्त तीनच जण पाठवता येतात, आणि २०१२ मध्ये ५,००० आणि १०,००० मीटर दोन्हीच्या ट्रायलमध्ये एलियुड किपचोगे पहिल्या तिघांत आला नाही. संपला विषय. तिथं वर्ल्ड चॅम्पियन राहिलेल्यालाही घरी बसावं लागतं कारण मागे रांगच तेवढी असते.

पण लोक ही स्टोरी अशी सांगतात की बिचारा हरला, सगळं संपलं होतं, मग अचानक मॅरेथॉननं वाचवला. हे मला पटत नाही. त्याचं ट्रॅकवरचं करिअर काही साधंसुधं नव्हतं हो. २००३ मध्ये पॅरिसला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५,००० मीटरला यानं १८ व्या वर्षी गोल्ड घेतलं, १२:५२.७९, आणि मागे कोण तर हिशाम एल गेरूज आणि केनेनिसा बेकेले, दोघेही त्या काळचे दिग्गज. एल गेरूज फक्त चार शतांश सेकंदांनी मागे! त्यानंतर २००४ अथेन्सला ब्राँझ, २००७ ओसाका वर्ल्डला सिल्व्हर, २००८ बीजिंगला सिल्व्हर. एवढ्यावर एखादा आयुष्यभर मिरवला असता.

प्रॉब्लेम कुठे होता ते बघायचं तर ओसाकाची रेस घ्या. फायनलमध्ये पेसर (पुढे धावून वेग धरून देणारे) नसतात, त्यामुळे कुणीच पुढे जाऊन वारा खायला तयार नसतं, सगळे एकमेकांकडे बघत रांगत राहतात आणि शेवटच्या लॅपला जो उडतो तो जिंकतो. त्या दिवशी बर्नार्ड लगाट १३:४५.८७ मध्ये जिंकला आणि किपचोगे १३:४६.०० मध्ये दुसरा. आता किपचोगेचा स्वतःचा बेस्ट होता १२:४६.५३, म्हणजे जवळपास एक मिनिट हळू धावून शेवटच्या स्प्रिंटमध्ये गोल्ड गेलं. लगाट मुळात १,५०० मीटरवाला, त्याच्या किकपुढे, म्हणजे शेवटच्या स्प्रिंटपुढे कोण टिकणार. बरं बीजिंगला उलटं झालं, बेकेलेनं पेस वाढवत नेला आणि किपचोगेला जवळजवळ पाच सेकंद मागे टाकलं. म्हणजे स्लो रेसमध्ये किकवाले मारायचे आणि फास्ट रेसमध्ये बेकेले. २००९ ला वर्ल्डमध्ये पाचवा, २०११ ला सातवा. त्यामुळे २०१२ ची ट्रायल हा काही अचानक झालेला अपघात नव्हता, आलेख आधीच खाली चालला होता. आणि समजा तो लंडनला गेलाही असता, तरी तिथं ५,००० आणि १०,००० दोन्ही जिंकणारा ब्रिटनचा मो फराह होताच की.

मॅरेथॉनकडे जाणं हेही काही जगावेगळं नव्हतं, पॉल टर्गट, हाइले गेब्रसेलासी सगळे ट्रॅकवरून रोडवरच गेले, पैसाही तिकडेच जास्त. फरक एवढाच की किपचोगे २८ व्या वर्षीच गेला. २०१३ ला हॅम्बुर्गला पहिलीच मॅरेथॉन, २:०५:३०, जिंकला. त्याच वर्षी बर्लिनला दुसरा आला, विल्सन किपसांगनं तिथं वर्ल्ड रेकॉर्ड केलं होतं. त्यानंतर २०२० च्या लंडनपर्यंत हा माणूस एकही मॅरेथॉन हरला नाही. सहा वर्षांहून जास्त! २०१५ च्या बर्लिनला बुटातले इनसोल बाहेर येऊन फडफडत होते, तरी जिंकला.

मॅरेथॉन त्याला इतकी का मानवली? माझं मत असं की इथं एकसारख्या पेसला किंमत आहे. २०१८ बर्लिन, २:०१:३९, तेव्हाचं वर्ल्ड रेकॉर्ड. शेवटचा पेसर २५ किमीच्या आसपास बाजूला झाला, पुढचे १७ किमी एकटा, आणि तरी दुसरा हाफ पहिल्यापेक्षा फास्ट, ६१:०६ आणि मग ६०:३३. ज्याला शेवटच्या लॅपची किक नाही म्हणून मेडल्स गेली तोच माणूस इथं रेस संपताना बाकीच्यांपेक्षा ताजातवाना. आणि हे नऊ-दहा वर्षं १३ मिनिटांच्या आत ५,००० मीटर धावल्याशिवाय आलं नसतं असं मला वाटतं, कारण त्या स्पीडची सवय असलेल्याला किलोमीटरला २:५३ चा पेस आरामाचा वाटतो (आपल्यातल्या बहुतेकांना त्या पेसनं एक किलोमीटरही जमणार नाही ते सोडा). दुसरं म्हणजे त्यानं कोच बदलला नाही. पॅट्रिक सँग, स्वतः १९९२ च्या ऑलिम्पिकचा स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) सिल्व्हर मेडलिस्ट, त्याच गावाकडचा, पोरगा असल्यापासून तोच. काप्तागातचा कॅम्पही तोच, समुद्रसपाटीपासून २,४०० मीटरच्या आसपास, आठवड्याला २०० किमीच्या वर रनिंग, आणि जगज्जेता असूनही संडास साफ करायची पाळी यालाही चुकली नाही.

बुटांचं म्हणाल तर हो, कार्बन प्लेटवाल्या बुटांचा फायदा झालाच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लवकरच तसे बूट सगळ्यांच्याच पायात आले आणि तरीही २०२२ ला बर्लिनला २:०१:०९ करणारा हाच. २०१९ ला व्हिएन्नाला दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावून दाखवायला खास आखलेल्या रनमधलं त्याचं १:५९:४० मात्र मी वेगळं ठेवतो, ४१ पेसर आलटून पालटून, पुढे लेझर मारणारी गाडी, ते रेकॉर्ड म्हणून धरलंच जात नाही आणि बरोबरच आहे.

तर ट्रायल हरला नसता तर? बहुतेक लंडनला धावला असता, जमलं तर एखादं मेडल, आणि वर्ष-दोन वर्षांनी रोडवर आलाच असता. रिओ आणि टोकियोची लागोपाठ दोन मॅरेथॉन गोल्ड तरीही शक्य होती. २०२४ ला पॅरिसला ३९ व्या वर्षी मात्र त्याला रेस अर्धवट सोडावी लागली.

माझ्या ट्रॅकवाल्या थिअरीला एक मोठा धक्का मात्र आहे, केल्विन किप्टम. त्यानं ट्रॅकवर असं करिअर केलंच नाही, सरळ रोडवर आला आणि २०२३ ला शिकागोत २:००:३५ करून किपचोगेचं रेकॉर्ड मोडलं, वय २३. २०२४ च्या फेब्रुवारीत कार अपघातात गेला, त्यामुळे तो पुढे किती टिकला असता हे आता कधीच कळणार नाही.