छोट्या कॉलेजातून एमपीएच केलं तर नोकरी मिळते का?

बीएस्सी झालंय, 'टिस'ला (मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) नंबर लागला नाही, जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात एमपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सची, सीट मिळतेय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी घेतली होती.

वर्गात आम्ही अकरा. चार बीएएमएस, तीन नर्सिंगच्या, बाकी माझ्यासारखे. लायब्ररी म्हणजे दोन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली कुणाकडे असायची ते शेवटपर्यंत कळलं नाही. बायोस्टॅटला, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राला, पहिली सेमिस्टर शिक्षकच नव्हते. ते नुकसान खरंच झालं, एक्सेल आणि 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर मी नंतर स्वतःच्या जिवावर शिकलो.

पण अकराच असल्यामुळे फील्डवर लपायला जागा नव्हती. पावसाळ्यात आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सेवकांबरोबर डेंग्यूच्या कंटेनर सर्व्हेला, म्हणजे घरोघरी पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या शोधायला, जुंपलं. पहिल्या रांजणात मी वाकून बघितलं आणि "काही नाही" म्हणालो. आरोग्य सेवक हसले. "सावली पडली की अळी तळाला जाते हो. थांबा जरा." मिनिटभर थांबून त्यांनी बॅटरी मारली, तर वर सगळी वळवळ. त्या दिवशी ५० घरं झाली. ९ घरांत अळ्या, दूषित भांडी १४. म्हणजे हाउस इंडेक्स (शंभरातल्या किती घरांत अळ्या) १८ आणि ब्रेटू इंडेक्स २८, कारण ब्रेटूमध्ये घरं नाही, दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी मोजतात. एकाच घरात रांजण, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे, तिन्हीत अळ्या निघाल्या की दोन्ही आकडे फटकून वागतात. पुढे मुलाखतीत नेमका हाच फरक विचारला. कॉलेजचं नाव कुणी विचारलं नाही.

आता नोकरीचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या एपिडेमिऑलॉजिस्टसारख्या (साथरोगतज्ज्ञ) पदांना बऱ्याचदा आधी वैद्यकीय पदवी मागतात, वर एमपीएच. तिथे बीएस्सीवाल्याची दारं अर्धी बंद, हे कॉलेजवाले सांगत नाहीत. शिवाय बहुतेक पदं कंत्राटी, दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक. आपल्यासाठी खरी जागा सामाजिक संस्था, सर्वेक्षणं, मॉनिटरिंगची कामं आणि हॉस्पिटलांचे क्वालिटी विभाग. मी एका संस्थेत कुपोषणाच्या प्रकल्पाचा डेटा बघतो. सुरुवातीचा पगार सांगायला लाज वाटावी असा होता, आता बरा आहे.

आणि गाव लहान म्हणून कमीपणा मानू नका. आशाताई आज नवजात बाळ बघायला घरी जातात, त्या पद्धतीची पायाभरणी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने केली, मुंबईत नाही.

फी भरायच्या आधी मागच्या बॅचच्या दोघांना गाठा. फील्ड पोस्टिंग किती आठवडे झालं, की नुसतं रजिस्टरवर सही करून झालं, एवढं विचारा. स्टॅटला कोण शिकवतं तेही.

घरी मात्र आजच सांगून ठेवा की एमपीएच करून नावापुढे डॉक्टर लागत नाही. माझी आत्या अजून मला बघितलं की बीपी मोजायला हात पुढे करते.