4294967297 मूळ आहे की नाही?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, तिच्या क्लासच्या सरांनी 4294967297 ही मूळ संख्या आहे का ते शोधून आणायला सांगितलंय. मी बोरिवली ते चर्चगेट जाता-येता मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 100 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकानेही भाग जात नाही. मग मूळच म्हणायची ना?
– एक वडील, बोरिवली

उत्तर: नाही हो, एवढ्यात नका म्हणू! 100 पर्यंत भाग गेला नाही म्हणजे इतकंच कळलं की तिचा 100 च्या आतला अवयव नाही, खात्री करायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे 65536 पर्यंत जावं लागेल आणि तिथपर्यंत 6542 मूळ संख्या आहेत, लोकलमध्ये किती दिवस भागत बसणार. पण वाईट वाटून घेऊ नका, याच संख्येने फर्मासारख्या मोठ्या गणितज्ञाला चकवलंय. ही संख्या म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. त्याच्या आधीच्या 3, 5, 17, 257, 65537 (2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात, प्रत्येकात 1 मिळवून) सगळ्या मूळ, म्हणून पुढच्याही मूळच असणार असं त्याला 17 व्या शतकात वाटलं.

1732 साली ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की हिला 641 ने भाग जातो, 641 × 6700417. त्याची खरी कमाल पुढे आहे, त्याने नंतर सिद्ध केलं की हिला भाग गेलाच तर तो 64 च्या पटीत 1 मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल. त्यातल्या मूळ तेवढ्या घ्या, 193, 257, 449, 577, 641, संपलं, पाचव्या भागाकाराला सापडते! मला तर हे दरवेळी शिकवताना अंगावर काटा येतो.

आणि मुलीला भागाकार न करताही दाखवता येईल. 641 म्हणजे 640 + 1, आणि 640 म्हणजे 5 × 2⁷. तेच 641 म्हणजे 625 + 16 पण आहे, म्हणजे 5⁴ + 2⁴. आता 640 ला 641 ने भागलं की बाकी उणे 1 धरता येते, त्याचा चौथा घात केला की बाकी 1, म्हणजे 5⁴ × 2²⁸ ची बाकी 1. यात 5⁴ च्या जागी उणे 2⁴ घाला, 641 च्या हिशोबात दोन्ही सारखेच, तर उणे 2³² ची बाकी 1 येते, म्हणजेच 2³² + 1 ला पूर्ण भाग जातो. वहीत एकदा सावकाश लिहून बघा, पटकन डोक्यात शिरत नाही ते.

राहिला 6700417, तो मूळ आहे का? त्याचा अवयव तो मूळच्या मोठ्या संख्येचाही अवयव, म्हणून त्यालाही 64 चाच नियम लागतो, आणि त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे 2588 पर्यंतच बघायचंय. 641 च्या आधीच्या चार तर वर बाद झाल्याच, म्हणजे राहिल्या 641, 769, 1153, 1217, 1409, 1601, 2113. सातच भागाकार, बोरिवलीहून निघालात तर अंधेरी यायच्या आत होतील.