'विलिंगनेस टू पे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : पंचगंगेचं पाणी सुधारलं तर लोकांना ते किती मोलाचं वाटेल, हे चॉइस एक्स्परिमेंट पद्धतीनं, म्हणजे लोकांपुढे पर्यायांची कार्डं ठेवून, अजमावायचं आहे. 'विलिंगनेस टू पे' म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी माणूस जास्तीत जास्त किती पैसे द्यायला राजी आहे ते. मराठी प्रश्नावलीत त्यासाठी 'देय-इच्छा' योजला आहे, तो चालेल का? शिवाय ॲट्रिब्यूट, लेव्हल आणि स्टेटस को यांना प्रतिशब्द हवे आहेत.

आधी 'देय-इच्छा'बद्दल. हा शब्द वापरू नका. त्याचे दोन्ही अर्धे चुकीच्या दिशेला नेतात. 'देय' म्हणजे जे देणं लागतो ते. विजेच्या बिलावर 'देय रक्कम', 'देय दिनांक' वाचायची डोळ्यांना सवय आहे, तिथे देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच नसतो. आणि पैसे द्यायची 'इच्छा' कुणालाच नसते. इच्छा असते ती स्वच्छ पाण्याची. अर्थशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकांनी हा फरक फार पूर्वीच केला आहे. मागणी केव्हा म्हणायची, तर इच्छा हवी, ऐपत हवी आणि खर्च करण्याची तयारीही हवी. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे शब्द. आपल्याला हवी आहे ती तिसरी, म्हणजे तयारी.

अहवालात, तक्त्यांत, प्रबंधात 'पैसे मोजण्याची तयारी' असं लिहा. 'देण्याची' ऐवजी 'मोजण्याची' का? देणं दानाचंही असतं, उसनवारीचंही असतं. 'मोजले' म्हटलं की बदल्यात काहीतरी घेतलं आणि हातचे पैसे गेले, हे दोन्ही त्यात येतं. मात्र 'किंमत मोजण्याची तयारी' असं कधीही लिहू नका. मराठीत किंमत मोजणं म्हणजे परिणाम भोगणं. 'नदीसाठी किंमत मोजायची तयारी आहे का?' या प्रश्नाला एखादा तरुण कार्यकर्ता 'तुरुंगातही जाईन' म्हणेल, आणि त्याचं उत्तर चूक नसेल.

'तयारी'ला एक पुस्ती जोडायला हवी. तयारी 'करणं' म्हणजे पूर्वतयारी, परीक्षेची किंवा लग्नाची. तयारी 'असणं' म्हणजे मनातून राजी असणं. आणि तयारी 'दाखवणं' म्हणजे राजी असल्याचं दुसऱ्याला सांगणं. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, आणि हा बदल या विषयाच्या थेट गाभ्याशी जातो. संशोधकाला हवी असते ती असलेली तयारी. सर्वेक्षणात हाती येते ती दाखवलेली. या दोहोंतल्या फरकाला शास्त्रात हायपोथेटिकल बायस म्हणतात. त्याला मी 'दाखवलेल्या तयारीचा फुगवटा' म्हणेन, कारण हा फरक बहुतेक वेळा वरच्या बाजूलाच असतो. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'देऊ की' म्हणतात. 'देऊ की' हा सौजन्याचा शब्द आहे, त्यात रुपयाचा हिशेब नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही हा शब्द 'प्रश्नावलीत' योजला आहे, असं म्हणता. चॉइस एक्स्परिमेंटच्या कार्डावर तो येताच कामा नये, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. 'तुम्ही किती द्याल?' असं थेट विचारण्याची पद्धत वेगळी, ती कंटिन्जन्ट व्हॅल्युएशन. चॉइस एक्स्परिमेंटमध्ये माणसाला किती देणार हे विचारतच नाहीत. त्याच्यापुढे दोन-तीन पर्याय ठेवतात, प्रत्येकात काय मिळेल आणि किती पैसे जातील हे लिहिलेलं असतं, आणि तो एक निवडतो. तयारीचा आकडा नंतर गणितातून निघतो. मागची कल्पना अर्थतज्ज्ञ लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडली : माणूस वस्तू घेतो म्हणजे तिच्यातले गुण घेतो. निवडींवरून गुणांचं वजन काढण्याचं गणित मॅकफॅडन या अर्थतज्ज्ञांचं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं.

तुमच्याच विषयाचं कार्ड कल्पून पाहू. समजा तीन गुणविशेष, म्हणजे ॲट्रिब्यूट, घेतले : पाण्याचा दर्जा, जलपर्णी आणि काठावरचे पक्षी. प्रत्येकाच्या तीन स्थिती, म्हणजे लेव्हल. चौथी गोष्ट पैसे, त्याचे चार आकडे : १००, २००, ४००, ८००. एकूण जोडण्या ३ × ३ × ३ × ४, म्हणजे १०८. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ५,७७८ होतात. त्या सगळ्या विचारणं शक्य नाही, म्हणून आराखडा करून चोवीसेक कार्डं निवडतात, त्यांचे चार गट पाडतात आणि एका माणसाला सहाच कार्डं दाखवतात. माणसं किती लागतील याचा एक प्रचलित ठोकताळा आहे : ५०० ला सर्वांत जास्त स्थिती असलेल्या गुणविशेषाच्या स्थितींनी गुणा, आणि एका माणसाला दाखवायची कार्डं गुणिले कार्डावरचे पर्याय यांनी भागा. 'आहे तसंच' म्हणजे काहीच न बदलण्याचा, स्टेटस कोचा पर्याय त्यात धरत नाहीत. इथे ५०० × ४ ÷ (६ × २), म्हणजे साधारण १६७. ही किमान संख्या झाली. शहर आणि नदीकाठची गावं वेगळी तपासायची असतील तर प्रत्येकासाठी तेवढी माणसं हवीत.

ॲट्रिब्यूटला अहवालात 'गुणविशेष' म्हणा. 'गुणधर्म' रसायनशास्त्राकडे झुकतो आणि 'घटक' म्हटलं की पाण्यात काय मिसळलंय असं वाटतं. कार्डावर मात्र यातलं काहीच नको, तिथे नुसतं 'काय बदलेल' पुरतं.

लेव्हलसाठी शब्दकोशात 'पातळी' मिळेल. तुमच्या विषयात तो शब्द टाळाच. कोल्हापुरात 'पंचगंगेची पातळी' म्हणजे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात ती. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. 'पाण्याच्या दर्जाची पातळी वाढेल' हे वाक्य तिथल्या माणसाला पुराची आठवण करून देईल, आणि 'पातळी वाढेल' असलेला पर्याय तो मनापासून नाकारेल. 'स्थिती' किंवा 'पायरी' वापरा.

त्या पायऱ्यांत काय लिहायचं, हे शब्दनिवडीइतकंच महत्त्वाचं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात अंघोळीयोग्य पाण्याचा वर्ग 'ब' आहे : लिटरमागे बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त. हे आकडे कार्डावर छापले तर कुणाला काहीच कळणार नाही. 'पाण्यात उतरून अंघोळ करता येईल' हे कळेल. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांतली नाव वल्हवणे, मासेमारी, पोहणे ही चढती शिडी जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे पाण्याचा कस हात-पाय धुणं, जनावरं धुणं, अंघोळ, आचमन, पिणं असा लागतो. पण इथे एक सापळा आहे. पाणी घाण असलं तरी पर्वणीला लोक अंघोळ करतातच. म्हणून 'अंघोळ करता येईल' पुरेसं नाही. 'अंघोळ केली तर अंगाला खाज येणार नाही' असं लिहिलं की फरक जाणवतो. आणि अहवालात ही पायरी 'ब' वर्गाशी जोडलेली आहे, हे नोंदवून ठेवा.

स्टेटस कोसाठी 'जैसे थे' हा आपला शब्द आयता आहे, आणि अहवालात तोच वापरावा. कार्डावर नको. कोर्टाच्या 'जैसे थे' आदेशामुळे त्याला वादाचा आणि स्थगितीचा वास आहे. कार्डावर 'आहे तसंच राहू दे' लिहा, त्यापुढे पैशांच्या रकान्यात 'आणखी काही नाही' आणि बाकीच्या रकान्यांत आजची खरी स्थिती लिहा. रकाने मोकळे सोडले तर प्रत्येक जण आपल्या मनातली वेगळी नदी तिथे भरतो.

पैशांच्या ओळीत सर्वांत जास्त चुका होतात. पहिली चूक मार्गाची, म्हणजे पैसे कोणत्या नावानं गोळा होणार याची. 'वर्गणी' लिहिलं की गणपती मंडळाची पावती डोळ्यांपुढे येते. शेजाऱ्यानं किती दिली हे पाहून माणूस आकडा ठरवतो, आणि दिली नाही तरी चालतं हेही त्याला ठाऊक असतं. 'देणगी'त पुण्य मिसळतं. दोन्हींत नदीचं मोल बाजूला राहतं. मार्ग सक्तीचा आणि सर्वांना सारखा लागू असलेला हवा, म्हणून 'पट्टी' बरी. नळाचं बिल येणाऱ्यांना 'पाणीपट्टी' चालेल. पण उसाच्या पट्ट्यात पाणीपट्टी म्हणजे सिंचनाची आकारणी, तिथे ग्रामपंचायतीची 'घरपट्टी' घ्या.

दुसरी चूक विभक्तीची. 'पाणीपट्टी २०० रुपये' म्हणजे एकूण २००, की आजच्यावर २००? 'आत्ता भरता त्यावर आणखी २०० रुपये' असं सुटसुटीत लिहा. 'पट्टी २०० रुपयांनी वाढेल' आणि '२०० रुपयांपर्यंत वाढेल' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, निकालात मात्र काही पटींचा.

तिसरी, कुणामागे आणि केव्हा. 'माणशी' की कुटुंबामागे, 'दरमहा' की 'दरसाल', आणि किती वर्षं? 'घरटी २०० रुपये' हा जुना, नेमका प्रयोग आहे आणि मला तो फार आवडतो. पण तुमच्या कार्डावर पक्षी आहेत. त्याच कागदावर 'घरटी वाढतील' आणि 'घरटी २०० रुपये' आलं तर गोंधळ ठरलेला. 'दर कुटुंबामागे' लिहा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकरांची तयारी अजमावणारा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो थेट विचारणाऱ्या पद्धतीचा होता. त्यातला आकडा महिन्याला साडेसात रुपये, कुटुंबामागे, पाच वर्षांसाठी. यातला एक तुकडा गाळला तर साडेसात रुपयांना काहीच अर्थ राहत नाही.

आकडे कमी ठेवण्याची चूकही नेहमीची. सर्वांत मोठी रक्कम इतकी हवी की चाचणी फेरीतल्या तीस-चाळीस जणांपैकी बहुतेक ती नाकारतील. कुणीच नाकारत नसेल तर पैशांचा गुणांक, म्हणजे निवडींवरून निघालेलं पैशांचं वजन, शून्याजवळ येतो, आणि तयारी काढताना त्याच गुणांकानं भागायचं असतं. समजा अंघोळीयोग्य पाण्याचा गुणांक ०.८४ आला आणि पैशांचा उणे ०.००३५. पहिल्याला दुसऱ्यानं भागून चिन्ह उलटलं की २४० मिळतात : आजच्या पाण्यापासून अंघोळीयोग्य पाण्यापर्यंतच्या बदलासाठी दर कुटुंबामागे दरसाल २४० रुपये. पैशांचा गुणांक उणे ०.०००३५ असता तर हाच आकडा २,४०० झाला असता, लोकांचं मन तसूभरही न बदलता. पैशांचा गुणांक अधिक चिन्हाचा आला तर पुढचं गणित थांबवा आणि कार्ड पुन्हा वाचा. बहुधा लोकांनी ती रक्कम 'सरकार खर्च करणार' अशी वाचलेली असते.

सहाही कार्डांवर 'आहे तसंच' निवडणाऱ्यांना शेवटी एक साधा प्रश्न विचारा : का? 'परवडत नाही' ही ऐपतीची गोष्ट, ते उत्तर खरं शून्य आहे, ते ठेवायचं. 'कारखान्यांनी घाण केली, त्यांनी भरावं' किंवा 'पैसे नदीपर्यंत पोचणारच नाहीत' हा निषेध आहे. त्यात नदीचं मोल शून्य असल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. इंग्रजीतल्या प्रोटेस्ट रिस्पॉन्ससाठी 'निषेधाचं उत्तर' हा शब्द नीट बसतो. अशी उत्तरं वेगळी मोजा आणि ती धरून व वगळून असे दोन्ही आकडे द्या.

फुगवटा कमी करायला कार्डांआधी एक परिच्छेद वाचून दाखवतात. भाषांतराचा वास येणार नाही असा तो लिहायचा तर : 'असे प्रश्न विचारले की पैसे प्रत्यक्ष खिशातून जात नसल्यानं माणसं हात सैल सोडतात. तुम्ही तसं करू नका. ही वाढ उद्याच्या बिलात खरंच येणार आहे, घरातला दुसरा कुठला खर्च त्यासाठी कमी करावा लागेल, असं धरून निवडा.' 'प्रामाणिकपणे उत्तर द्या' हे वाक्य त्यात घालू नका, समोरच्याच्या दानतीवर शंका घेतल्यासारखं होतं.

राहिलं पद्धतीचं नाव. 'निवड-प्रयोग' चालेल, जोडरेघेसह. रेघ नसेल तर नाटकाच्या प्रयोगासारखं वाचलं जातं. 'पसंती' वेगळी ठेवा : पसंती मनात असते, निवड कृतीत दिसते, आणि तुम्ही नोंदवणार आहात ती निवड. उलट बाजूचा शब्दही लागेल, विलिंगनेस टू ॲक्सेप्ट, म्हणजे नदी आणखी बिघडली तर कितीवर राजी व्हाल. तिथे 'तयारी' नको, 'भरपाईवर राजी होणं' म्हणा. हा आकडा मोजण्याच्या तयारीपेक्षा बहुधा बराच मोठा निघतो, त्यामुळे दोन्हींना एकच शब्द वापरून एकाच तक्त्यात बसवू नका.

छापण्याआधी कार्ड पाच जणांना वाचायला द्या आणि प्रत्येकाला ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. पाचांपैकी दोघांनी जरी 'म्हणजे वर्गणी काढणार म्हणा की' असं म्हटलं, तर पैशांची ओळ पुन्हा लिहा.