थायरॉईड पाठ करू नको, आधी हात लाव

हे बघ, आपल्या लातूरकडची पोरं पाठांतरात पक्की असतात पण थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, नुसतं पाठ करून हाती लागत नाही. मी पण मेडिकलच्या फर्स्ट इयरला अंबाजोगाईत तेच केलं अन् मायक्रोस्कोपच्या स्लाईडसमोर गप्प उभा राहिलो. आधी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेव, कंठमण्याखाली क्रिकॉइड, म्हणजे स्वरयंत्राचं खालचं कडं, लागेल, त्याच्या जरा खाली इस्थमस, म्हणजे ग्रंथीच्या दोन बाजू जोडणारा पट्टा, श्वासनळीच्या साधारण २ ते ४ नंबरच्या कड्यांवर. आता तांब्यातलं पाणी पी, ग्रंथी बोटाखालून वर सरकते, कारण प्रीट्रॅकियल फॅशिया (श्वासनळीसमोरचं पातळ आवरण) अन् बेरीचं लिगामेंट (घट्ट बंध) तिला स्वरयंत्राला बांधून ठेवतात. गलगंड तपासताना पेशंटला घोट गिळायला लावतात ते याच्यासाठीच.

मग स्लाईड. लो पॉवरवर लहानमोठे गोल फॉलिकल, म्हणजे पेशींच्या पिशव्या, आत गुलाबी जेलीसारखं कोलॉइड, म्हणजे थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन. हाय पॉवरवर भिंतीकडं बघ, घनाकार पेशींचा एकच थर. ग्रंथी जोरात कामाला लागली की पेशी उंच होतात, कोलॉइडची कडा कुरतडल्यासारखी दिसते, सुस्त असली की पेशी चपट्या, हे मला सगळ्यात भारी वाटतं, आकारावरूनच काम कळतं. फिकट सी पेशी फॉलिकलच्या बाजूला असतात, कोलॉइडपर्यंत पोचत नाहीत, कॅल्सिटोनिन हार्मोन बनवतात, एचअँडईवर (स्लाईडच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर) नाही सापडल्या तर टेन्शन घेऊ नको.

अन् एक, दूध देणाऱ्या स्तनाची स्लाईड याच्यासारखीच दिसते बरं का, तिथं डक्ट, म्हणजे स्राव बाहेर नेणारी नळी, शोध. थायरॉईडला डक्ट नसतेच.